समेटाची बातमी नीट वाचायला शिकवणारे मुकादमसर

प्रा. दाऊद मुकादम यांचा आणि माझा परिचय झाला तो पनवेलच्या महाविद्यालयात, राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला. सरांनी आम्हा पाच जणांना उभे केले आणि एकेक देश वाटून दिला. "तुम्ही पाचही मित्र. एका शेजाऱ्याशी तुम्ही संबंध तोडले होते. काल त्याने हात पुढे केला. आज काय कराल?" चौघे म्हणाले, सर्वांत मोठा देश करील तेच. माझ्या वाट्याला सर्वांत लहान देश आला होता. मी पनवेलजवळच्या विचुंबे गावची. घरची बोली तोंडातून निघालीच. "आमी पयलं विमान चालू करू. आमची मानसं तिकडं हायेत." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "संपूर्ण वर्गात कारण सांगितलं ते हिनंच."

मित्रदेश भांडण एकत्र करतात, समेट मात्र ज्याचा तो करतो, हा सरांचा आयुष्यभराचा अभ्यासविषय. कुणाच्या बंदरातला माल अडलेला असतो, कुणाच्या लेकी सीमेपलीकडे दिलेल्या असतात, तर कुणाला जुनी भीती सोडवत नाही. म्हणून एक देश लगेच राजदूत पाठवतो, दुसरा नुसती विमाने सोडतो, तिसरा वर्षभर गप्प बसतो. लहानपणी मदरशात गिरवलेली अरबी सरांनी पुढे जिद्दीने वाढवली आणि निवृत्तीनंतरही करंजाड्याच्या घरी ते रोज अरबी वर्तमानपत्रे वाचत राहिले.

या वाचनाने आमचे घर कसे सावरले, ते सांगते. माझा मोठा भाऊ रोशन आखातातल्या एका देशात क्रेन चालवत होता. त्या देशाने आणि त्याच्या मित्रदेशांनी मिळून एका शेजारी देशावर बहिष्कार टाकला होता. पुढे समेट जाहीर झाला आणि त्याच शेजारी देशातून रोशनला चांगल्या कामाचे बोलावणे आले. एजंट म्हणाला, राजीनामा दे आणि तिथूनच थेट जा, परवाना उतरल्यावर मिळेल. घरात आनंदीआनंद झाला. मी मात्र बाबांना घेऊन सरांकडे गेले.

बाबा दारातूनच म्हणाले, "सर, एजंट बोलतो, दोस्ती झाली. मंग आमी थांबायचं कशाला?"

सरांनी वर्तमानपत्र उलगडले, पूर्ण बातमी दोनदा वाचली. "दादा, दोस्ती झाली हे खरं. पण या बातमीत विमान हा शब्द तीनदा आहे आणि वकिलात हा शब्द एकदाही नाही. बाजूच्या मित्रदेशानं वकिलात उघडली, म्हणून तिकडची माणसं थेट जातायत. रोशन काम करतो त्या देशाच्या आणि शेजाऱ्याच्या वकिलाती अजून उघडलेल्या नाहीत. त्याचे कागद तिथं तपासणार कोण?"

"म्हंजे जायचं नाय?"

"जायचं. पण आधी घरी यायचं. रजा घेऊन, राजीनामा न देता. त्या शेजारी देशाची वकिलात आपल्याकडे आहे, परवाना इथून काढायचा आणि मग जायचं."

बाबांना ते पटले नाही. रस्ताभर ते पुटपुटत होते. रोशनही फोनवर चिडला. शेवटी आला तो सरांचा मान राखायचा म्हणून. त्याची मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि बापाला तिने फक्त फोनवर पाहिले होते. पहिला पूर्ण दिवस ती आईच्या मागे लपली. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावरून उतरेना. दरम्यान, एजंटचे ऐकून थेट गेलेले त्याचे दोन सहकारी विमानतळावरूनच परत पाठवले गेले होते आणि त्यांची जुनी नोकरीही गेली होती. ही बातमी कळताच बाबा सरांकडे गेले. "तुमी नसते तर माझं पोर मधीच लटाकलं असतं," ते म्हणाले. सरांनी विषय बदलला, त्या दोघांचे पत्ते मागून घेतले आणि त्यांच्यासाठी अरबीत अर्ज लिहून दिले. काही महिन्यांनी दोघांनाही पुन्हा काम लागले. रोशन तर परवाना हाती पडताच नव्या कामावर रुजू झाला होता.

सर चुकत नाहीत असे मात्र नाही. समेट होण्याआधीच, त्या बहिष्कारात सर्वांत कडक असलेला देश सर्वांत शेवटी वकिलात उघडेल, असे त्यांनी आम्हाला ठासून सांगितले होते. त्याने सर्वांच्या आधी उघडली! सरांनी आम्हा माजी विद्यार्थ्यांना मुद्दाम घरी बोलावले, त्यांच्या पत्नी सलमाभाभींच्या हातची वाफवलेली गोड सांदणे पुढे ठेवली आणि आनंदाने म्हणाले, "मी साफ चुकलो. का चुकलो, ते आता शोधू या." संध्याकाळ कशी सरली ते कळले नाही. आपली चूक इतक्या चवीने चघळणारा दुसरा विद्वान मी पाहिलेला नाही.

आज मी स्वतः शिकवते. घाईने मत द्यावेसे वाटले की सरांचे ते दोनदा वाचणे डोळ्यांसमोर येते.

सर, आपण पंचाहत्तरी पूर्ण करत आहात. डोळ्यांची शस्त्रक्रिया उत्तम झाली, याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे. प्रकृती अशीच खणखणीत राहो, भाभींची आणि आपली सोबत दीर्घकाळ लाभो. जगात भांडणे कमी नाहीत, त्यामुळे समेटही पुष्कळ व्हायचे आहेत. ते सगळे आपण वाचावेत आणि आम्हाला समजावून सांगावेत, एवढे मोठे आयुष्य आपल्याला मिळो.