कार्ड मागणारी बाई

शाळेच्या फाटकावर जी बाई उभी असायची तिला आम्ही ‘कडी’ म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं, कबूल करतो. नातीला शाळेत पोचवायचं आणि आणायचं काम लेकीनं माझ्यावर सोपवलं, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ठेवलं.

माझी स्वतःची शाळा एका खोलीची. नियम एकच, गुरुजींच्या आधी पोचायचं. आणि गुरुजी बऱ्याचदा दुपारी यायचे, त्यामुळे नियम मोडायची कुणाला संधीच मिळाली नाही. नातीच्या शाळेनं मात्र पालकांसाठी चार पानी सूचना काढल्या होत्या. लेकीनं त्या फ्रिजवर चिकटवल्या. फाटक सात पन्नासला उघडणार, आठ दहाला बंद. त्यानंतर आलात तर कचेरीच्या खिडकीतून चिठ्ठी घ्या. सोमवारी नखं. ताप उतरल्यावर एक पूर्ण दिवस घरी. वाढदिवसाला खाऊ नको, वर्गाला पुस्तक द्या. सुटताना पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं राहा. आणि शेवटी जाड अक्षरात: मूल फक्त कार्ड दाखवणाऱ्याच्या ताब्यात दिलं जाईल.

हे पिवळं कार्ड घरटी एक. त्यावर मुलाचा फोटो, वर्ग आणि न्यायला येणाऱ्या तिघांची नावं. पहिल्या दिवशी कडीनं माझं कार्ड पाहिलं, ठीक. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेही ठीक. पण दीड महिना झाला, सकाळ-दुपार मी समोर उभा, आणि ही बाई रोज अशी बघायची की मी आत्ताच गाडीतून उतरलोय.

“कार्ड.”

“अहो, सकाळीच भेटलो की आपण.”

“कार्ड दाखवा, आजोबा.”

चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. माणूस भिंतीशी बोलला तरी भिंत जरा ऊब देते.

फाटकासमोर एक बाक होता. तिथं आम्ही सुटायच्या आधी अर्धा तास जमायचो. एक पेपरवाले आजोबा, म्हणजे पेपर वाचणारे; आणि एक विणकामवाल्या आजी, ज्यांचा एक मोजा मी दीड महिना पाहत होतो, दुसरा अजून जन्माला यायचा होता. मी विषय काढला.

“मला तर ओळखते असं दाखवतच नाही,” मी म्हटलं.

“तुम्हाला काय, मी पाच वर्षं येतेय,” आजी म्हणाल्या. “थोरला नातू इथून पास होऊन गेला. तरी कार्ड.”

“आणि ती वही?” पेपरवाले पेपराच्या आडून म्हणाले.

वही मीही पाहिली होती. तळहाताएवढी, रबर लावलेली. कुणी नवा माणूस येऊन गेला की कडी पाठ फिरवून दोन ओळी लिहायची. लिहिताना माणसाच्या पायांकडे बघायची. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. ज्याच्या मनात काळंबेरं नाही तो माणूस पायांकडे कशाला बघेल?

“मोठ्या बाईंना बातम्या पुरवत असणार,” आजी म्हणाल्या. “कोण भांडतं, कोण उशिरा येतं.”

“शिकवणीवाल्यांना नावं विकत असेल,” पेपरवाले म्हणाले. “माझ्या सुनेला परवाच फोन आला.”

“कुणाचा?”

“मच्छरदाणीवाल्याचा. पण आला ना?”

तेव्हापासून मी तिच्यावर पाळत ठेवली. गावाकडे आमच्या बैलाला कोण खडे मारतो ते शोधायला मी तीन दिवस झाडावर बसलो होतो (मारणारा माझाच भाऊ निघाला), त्यामुळे पाळतीचा अनुभव होता. कडीच्या खात्यात एकेक गोष्ट जमा होत गेली. खुर्ची दिलेली असून ती बसायची नाही. मुलांचे गणवेश सारखे, तरी प्रत्येक मुलाकडून आत जाताना नाव आणि वर्ग वदवून घ्यायची. हा नियम चार पानांत कुठंच नव्हता. मुलांना तो खेळ वाटायचा. आणि एकदा मी तिला भाजीच्या दुकानात हटकलं. “काय, आज सुट्टी?” म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहावं तसं, आणि निघून गेली. दुकानदारासमोर माझी शोभा झाली. त्या दुपारी मी कागद घेतला आणि मोठ्या बाईंच्या नावानं तक्रार लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे. खाली आम्हा तिघांच्या सह्या.

आठवड्यानं मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून मी जावयाचा लांब रेनकोट घातला होता, आणि लेकीनं आणलेले नवे बूट. कचेरीच्या दाराशी कडी उभी होती. तिलाही बोलावलं होतं.

“कोण हवंय आपल्याला?” तिनं विचारलं.

मी तडक आत शिरलो. इतका राग आला होता की खाकरायचंही विसरलो.

मोठ्या बाई टेबलामागे होत्या. स्वभावानं चांगल्या, पण सारखं घड्याळ बघायच्या. “आजोबा, तुमचं म्हणणं पटलं मला. रोजच्या माणसाला रोज कार्ड मागणं हा अपमानच. पुढच्या सोमवारपासून नेहमीचे लोक चेहरा पाहून सोडायचे. कार्ड फक्त नव्यांना.” मग कडीकडे वळून, “जमेल ना?”

कडीच्या हातात वही होती. रबर तिनं इतकं ओढलं की आता तुटणार असं वाटलं.

“नाही जमणार,” ती म्हणाली.

“का?”

ती बोलेना.

“बावीस वर्षं आहात फाटकावर. दीड वर्षात निवृत्त होणार. का जमणार नाही, ते सांगा. नाहीतर मला दुसरं कुणी उभं करावं लागेल, आणि तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काम नाही.”

कडीनं वही पाठीमागे नेली. मी मनात म्हटलं, आता आली लबाडी वर.

“आणि ती वही द्या इकडे,” मोठ्या बाई म्हणाल्या. कडीनं ती टेबलावर ठेवली. मोठ्या बाईंनी उचलून माझ्यापुढे सरकवली. “तक्रार तुमची. तुम्हीच वाचा आणि सांगा यात काय वावगं आहे ते.”

मी चष्मा पुसला. अक्षर बारीक, पण सरळ. दुसरी ब, दोन वेण्या, असं माझ्या नातीचं पान होतं. खाली लिहिलं होतं: ‘आजोबा. डावा बूट करकरतो. बोलण्याआधी दोनदा खाकरतात. छत्रीच्या मुठीला निळा दोरा. बूट बदलले तर ओळखू येणार नाहीत, कार्डच बघणे.’

पुढचं पान. ‘आजी. सुया वाजतात. उजव्या पायावर भार.’ पुढचं, ‘आजोबा. पेपराची घडी काखेत, बोटं काळी.’ ‘आई. किल्ल्यांचा मोठा जुडगा, भरभर चालते.’ असं वहीभर. चाल, आवाज, वास, किल्ल्या, चपला. नाक नाही, डोळे नाहीत, गोरा-काळा नाही. शंभर-सव्वाशे माणसं, आणि चेहरा एकाचाही नाही.

मी वर पाहिलं. ती माझ्या नव्या बुटांकडे बघत होती. दाराशी तिनं मला कोण हवंय विचारलं ते, भाजीच्या दुकानातलं ते, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. दुकानात मी चपलांवर होतो, छत्रीशिवाय, आणि त्या गोंगाटात माझं खाकरणं कुठलं ऐकू जाणार. या बाईला माणसाचा चेहरा लक्षातच राहत नव्हता. कार्ड गेलं की तिची नोकरी गेली. आणि कार्ड घालवायला निघालेला शहाणा मीच.

“काय लिहिलंय?” मोठ्या बाई म्हणाल्या.

मी दोनदा खाकरलो. कडीची मान झटकन वर आली.

“पालकांच्या खाणाखुणा आहेत, कामाच्या,” मी म्हटलं. “आणि बाई, माझी तक्रार मी मागे घेतो. कार्ड सगळ्यांना हवंच. मला तर आधी हवं.”

त्यांचा संशय आता माझ्यावर आला. “आठवड्यात असं काय झालं?”

“सांगतो. माझे दोन काका होते, जुळे...” आणि मी सुरू केलं. जुळ्यांपैकी एक शहाणा, दुसरा जत्रेतल्या तमाशाच्या मागे. गुरुजींनी चेहरा पाहून मला भलत्याच काकाच्या हवाली केलं, आणि मी तीन गावं हिंडून आलो. तिसऱ्या गावात काकानं मला एका हलवायाकडे बसवून ठेवलं, त्या हलवायाला एक घोडी होती... घोडी तबेल्यातून सुटेपर्यंत मोठ्या बाईंनी पाच वेळा घड्याळ पाहिलं.

“राहू द्या कार्ड,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना. आहे तसंच.”

“घोडीचं पुढे...”

“नको.”

जुळे काका मला नव्हते. एकच होता, आणि तो घराबाहेर पडायचा नाही.

दुपारी साडेबाराला मी पिवळ्या पट्ट्यामागे उभा राहिलो. माझी पाळी आली.

“कार्ड,” कडी म्हणाली.

मी दिलं. तिनं ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरलं.

“बूट नवे दिसतात,” ती हळूच म्हणाली.

“चावतात. उद्यापासून जुनेच.”

तिनं कार्ड परत केलं आणि आत हाक मारली, “दुसरी ब, दोन वेण्या.”

यावर आमच्यात पुन्हा कधी शब्द झाला नाही. ती निवृत्त झाली, आता भाच्याकडे राहते, म्हणून आज हे लिहितो. निरोपाच्या दिवशी तेवढं म्हणाली, “लहानपणी आईलासुद्धा मी हाकेवरूनच ओळखायची.” बाकावरच्या दोघांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. कडीनं मला फितवलं, असं त्यांचं आजही मत आहे.

जुना बूट मात्र मध्ये एकदा फाटला. मोच्याकडे नेला, तेव्हा म्हटलं, “टाच बदल, शिवण घाल, काय वाटेल ते कर. करकर तेवढी काढू नकोस.”

त्यानं बूट उलटा केला, ठोकून पाहिला, आत हात घालून चाचपला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.