अर्ध्या चकतीचा वायू

घाटकोपरच्या भटवाडीत नीलमला सगळे 'ताऱ्यावाली' म्हणतात. खरं तर ती तारे बघत नाही. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची चपटी चकती फिरत असते. त्यातला वायू हा तिचा विषय. गुरूसारखे मोठे ग्रह त्याच वायूतून बनतात. दुर्बिणी तिकडे चिलीच्या वाळवंटात, आकडे इकडे नीलमच्या लॅपटॉपवर.

गेल्या वर्षी एका ताऱ्याने तिला वेड लावलं. त्याच्या चकतीत धूळ दोन्ही बाजूंना सारखी होती, वायू मात्र एकाच बाजूला. तिच्या संशोधन संस्थेत खळबळ उडाली. जवळून जाणाऱ्या एखाद्या ताऱ्याने तो ओढून नेला असेल, असं तिचा सहकारी केतन म्हणाला. परिषदेत नीलमचं भाषणही ठरलं.

पण तिला चैन पडेना. वायू गेला, मग धूळ जागची हलली कशी नाही? तिने आलेख पुन्हा काढला. चकती फिरते, म्हणून तिची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. लांब जाणाऱ्या बाजूचा वायू दिसत नव्हता, आणि तोही सुरीने कापल्यासारखा, ठरावीक वेगाचाच.

"केतन, आपल्या आणि त्या चकतीच्या मधे काहीतरी आहे रे. वायूचा थंड ढग असणार. त्याचा वेग नेमका त्या बाजूइतकाच, म्हणून तिच्या वायूचा प्रकाश तोच गिळतोय, धुळीचा नाही."

"मग वाट लागली ना! भाषणात काय सांगणार तू?"

"जे खरं निघेल ते."

या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडचा एक दुर्मीळ प्रकार असतो, जड कार्बनचा. ढगात तो इतका थोडा, की त्याचा प्रकाश ढगाला फारसा अडवता येत नाही. त्या प्रकाशात चकती पुन्हा टिपण्यासाठी नीलमने दुर्बिणीवर वेळ मागितला, तो मिळाला. नवं चित्र आलं. दोन्ही बाजू सारख्याच भरलेल्या. मोठा शोध हातचा गेला म्हणून क्षणभर वाईट वाटलं, आणि मग त्या गोल, पुऱ्या चकतीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

घरी तिची आई कमल मेथी निवडत होती.

"आई, वायू सापडला."

"कुठं गेला होता?"

"कुठेच नाही. होता तिथेच होता."

"मग वर्षभर काय शोधत होतीस गं?"

नीलमला हसू आवरेना.

भाषण झालं, विषय बदलून. ते ऐकून परदेशातल्या दोन गटांनी आपापल्या 'अर्ध्या' चकत्या तपासायला तिच्याकडे पाठवल्या. आता तिचे दिवस त्यातच जातात.

परवा विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या मालनमावशींनी विचारलं, "तुझ्या त्या ताऱ्याला ग्रह होणार का गं?"

"होतील, मावशी. वायू भरपूर आहे. आपण मात्र बघायला नसू."

"नसलो तर नसलो. होऊ देत बापडे," म्हणत मावशींनी खिरीची वाटी तिच्या हातात दिली.