आग्नेलनं बुजवलेलं बावखल

आग्नेलला गावात कुणी वाईट म्हणत नाही, कारण लग्नाची ताटं-पेले त्याच्याकडूनच आणावे लागतात. मी म्हणतो. माणूस पहिल्यापासून कोडगा. बापाची केळीची वाडी होती, पण याला मातीत हात घालायची लाज. चौऱ्याण्णव साली वसईच्या बाजारात थर्माकोलच्या ताटांचं घाऊक दुकान टाकलं आणि बघता बघता घरावर माडी चढवली.

दुकान वाढलं, ताटांच्या जोडीला सीलबंद पाण्याच्या बाटल्याही आल्या, तसा कचराही वाढला. फुटकी ताटं, प्लास्टिकच्या पट्ट्या, फाटकी खोकी. दोन हजार एकमध्ये पालिकेचा माणूस दुकानोदुकानी बजावून गेला, की घाऊक व्यापाऱ्यांनी आपला सुका कचरा वेगळा ठेवायचा आणि वालीवच्या भंगारवाल्याकडे स्वतः पोचवायचा. आग्नेलनं त्याला चहा पाजला, मान डोलावली, आणि टेम्पो भरभरून सगळं घरामागच्या बावखलात ओतलं. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं पावसाच्या पाण्याचं तळं; त्याच्या जिवावर भोवतालच्या विहिरी गोड राहतात. आग्नेलला ते बुजवून गोदाम बांधायचं होतं. जागा त्याची, मग तोंड कोण उघडणार?

शेजारच्या सालोमीनं उघडलं. बावखलाला लागूनच तिची विहीर, आणि दुसरं पाणी तिला नव्हतं. चारदा त्याच्या दारात गेली, पाणी नासलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग नळ घे. एकट्या विधवा बाईला असं सांगताना त्याची जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

पुढच्या मे महिन्यात त्याच्या लेकीचं, सँड्राचं लग्न निघालं. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बँड लावून नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून आणतात, आणि आमच्या आळीच्या साऱ्या नवऱ्या सालोमीच्या विहिरीच्या पाण्यानं न्हाल्या. रीत म्हणून सगळे तिकडेच वळले. सालोमीनं अडवलं नाही. स्वतः घागर शेंदून आग्नेलच्या पुढ्यात ठेवली. वर थर्माकोलचे दाणे तरंगत होते आणि वास असा, की बायकांनी पदर नाकाला लावले. बँड थांबला.

"तुजंच पानी हाय," ती म्हणाली. "घाल पोरीच्या डोक्यावर."

आग्नेलचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यानं दुकानातून सीलबंद पाण्याच्या बाटल्या मागवल्या, घागर तिथंच उपडी केली आणि बाटल्यांनी भरून घेतली. रिकाम्या बाटल्या बावखलात भिरकावल्या. बँड पुन्हा वाजू लागला. संताप आला मला, अजून येतो.

सालोमीनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर फळ्या ठोकल्या. आठवड्यानं आळीतल्याच इझाबेलच्या घरचे लोक लेकीच्या लग्नासाठी घागर घेऊन आले, तेव्हा ती ओट्यावरून उठलीसुद्धा नाही.

"आग्नेलच्या दुकानात जा," म्हणाली. "आता पानी तिथंच."