डर्बीच्या दिवशीची वरात

मी रेस बघायला जाते म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पैसे लावतेस का, आणि जिंकतेस का. लावते, थोडे. जिंकते, क्वचित. त्यात आवडतं काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं की मला त्यातली मारामारी आवडते. घोडा किती राजबिंडा, किती डौलदार, असलं कौतुक करणारे कुंपणापासून लांब उभे असतात. कुंपणाला चिकटून उभं राहावं. शेवटच्या दोन फर्लांगांत पायाखालची जमीन हादरते, नाकपुड्या आतून लालभडक दिसतात, मातीची ढेकळं तोंडावर येतात आणि जनावरं एकमेकांना खांदे मारत, चाबूक खात समोरून जातात. हल्ली चाबूक मऊ केलाय, फटक्यांवरही मर्यादा घातलीय. आवाज मात्र तोच येतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं रेसकोर्ससमोरच्या ऑफिसात गेली. खिडकीतून सकाळचा सराव दिसायचा. एका रविवारी सहज आत गेले आणि अडकले ती अडकलेच. एरवी मी सीवूड्सच्या सोसायटीतली निवृत्त, चष्मेवाली बाई आहे. पार्किंगवरून भांडते, लिफ्टवरून भांडते, तापट म्हणून प्रसिद्ध आहे, पण हात कुणावर उचललेला नाही. स्टँडमध्ये मात्र ऑफिसात कमावलेलं शुद्ध मराठी गळून पडतं आणि खाडीकाठच्या आमच्या गावची भाषा बाहेर येते. बेंबीच्या देठापासून ओरडते, "हान! हान तिला!" धाकट्या भावाला एकदा सोबत नेलं होतं. त्याने रेस बघितलीच नाही, तो मलाच बघत बसला. पुढे कितीतरी दिवस घरात माझी नक्कल चालली होती.

याच भावाच्या मुलाचं लग्न यंदा नेमकं डर्बीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रेसच्या दिवशी निघालं. तारीख बदला म्हणून मी भांडले. हॉल मिळत नाही म्हणाले. वडिलांच्या भातखाचरांवर इमले उभे राहिल्यापासून भाऊ स्वतःच बिल्डर झालाय आणि करंजाड्यात त्याला कुणी नाही म्हणत नाही, तरी हॉल मिळत नव्हता म्हणे. सख्खी आत्या, जाणं भाग होतं. वरात निघायची वेळ आणि मोठ्या रेसची वेळ एकच. मी पैठणी नेसले, गजरा माळला, गजऱ्याखाली एका कानात इअरफोन खुपसला आणि फोनवर रेसची कॉमेंट्री लावून तो पर्समध्ये टाकला.

भावाच्या बिल्डिंगखाली घोडी उभी होती. जरीची झूल, डोक्यावर तुरा, गळ्यात आरशांच्या माळा. मी सवयीने आधी पाय बघितले. मागचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. मग तोंड बघितलं. कपाळावरचा पांढरा पट्टा वाकडा होऊन डाव्या नाकपुडीत उतरलेला. या घोडीला मी पळताना बघितलं होतं. माद्यांच्या मोठ्या रेसमध्ये ती वळणावर सगळ्यांच्या मागे होती आणि शेवटी बाहेरच्या बाजूने येऊन सगळ्यांना खाऊन गेली होती. त्या दिवशी ओरडून माझा घसा बसला होता.

घोडेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पाय गेला म्हणून रेसवाल्यांनी काढून टाकली, दलालाकडून आपल्याकडे आली. आता एकदम गरीब आहे, लहान पोरालाही बसवा. मी भावाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ही रेसची घोडी आहे, नवऱ्याला हिच्यावर बसवू नको, गाडी काढ. त्याने कपाळावर हात मारला.

"बाय, आज तू नवऱ्याला बगायला आलीस. घोरीला नाय."

आजूबाजूचे हसले. नवरदेव चढला. मला वाटलं होतं ती डीजेला बुजेल, फटाक्यांना बुजेल. कशालाच बुजली नाही. हजारोंच्या आरडाओरड्यात वाढलेलं जनावर ते, मान खाली घालून चालत राहिलं. उगाच घाबरले म्हणून माझीच मला लाज वाटली. मी कानातला आवाज वाढवला. तिकडे घोडे सुटायच्या गेटमध्ये जात होते.

नाक्यावर पाण्याचा टँकर उभा होता. तो आणि जनरेटरचा टेम्पो यांच्या बेचक्यात वरात अडकली. घोडी त्या फटीत उभी राहिली, दोन्ही बाजूंना लोखंड, समोर नाचणाऱ्या पोरांपलीकडे रिकामा रस्ता. तेवढ्यात टेम्पोवाल्याने मागचा फाळका सोडला आणि तो धाडकन खाली आदळला. रेसच्या गेटचा आवाज अगदी असाच असतो. अरुंद खण, आणि लोखंडाचा दणका झाला की सुटायचं, हे त्या जनावराला कोवळ्या वयापासून शिकवलेलं असतं. तिचे कान पुढे झाले, मागचा भाग खाली बसला. मी "उतर" म्हणून किंचाळले. तोवर ती सुटली होती.

पोरांना बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. नवऱ्याच्या मित्राच्या छातीवर तिचा खांदा बसला, तो आडवा पडला आणि मागचा पाय त्याच्या मांडीवर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बायका फुटपाथवर एकमेकींवर कोसळल्या. नवरदेव आयाळीला लोंबकळत गतिरोधकापर्यंत गेला आणि तिथे तोंडावर आपटला. मुंडावळ्या रक्तात भिजल्या. काँक्रीटच्या रस्त्यावर तिच्या नालांना पकड मिळाली नाही. वळणावर ती घसरली, कुशीवर पडली, फरफटत दुभाजकाला धडकली. उठली तेव्हा पुढच्या पायाची कातडी सोलून लोंबत होती. ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली.

आणि मग माणसं सुटली. कुणी पट्टे काढले, कुणी बँडच्या दिव्याचा दांडा उचलला, भावाच्या हातात मांडवाचा बांबू होता. घोडेवाल्याला दोघांनी जमिनीवर दाबून धरलं. बाकीचे घोडीच्या मानेवर, पाठीवर, रक्ताळलेल्या पायावर, मिळेल तिथे मारत होते. घोडी पळाली नाही. आता ती इथेच मरणार हे मला स्पष्ट दिसत होतं. कानात शेवटचे दोन फर्लांग आले होते. निवेदकाचा आवाज चढत होता, मागे स्टँड गर्जत होता. दुसऱ्या कानात माझा भाऊ ओरडत होता, "हान! हान तिला!"

मी मध्ये घुसले. बांबू माझ्या डाव्या हातावर बसला आणि हात कोपराखाली वाकला. दुखलं नाही, इतकी मी पेटले होते. घोडेवाल्याचा चाबूक रस्त्यावर पडला होता. तो उचलला आणि भावाच्या तोंडावर ओढला. मग पुन्हा ओढला. कानापासून हनुवटीपर्यंत वळ फुटला. तिसरा मारायला हात वर गेला तेव्हा सगळे थांबलेले दिसले. वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. भावाने गालावरचं रक्त तळहातावर घेऊन बघितलं.

"हान ना," तो म्हणाला. "हान म्हनायला मी तुज्याकूनच शिकलो, बाय."

माझ्या हातून चाबूक गळला.

जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, त्याने घोडीचं हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं आणि तिथेच रस्त्यावर टाके घातले. सुजल्या डोळ्यांचा घोडेवाला तिला हळूहळू चालवत नेऊ लागला. हिला आता विश्रांती दे, मी म्हटलं. तो मागे न बघता म्हणाला, "परवा कामोठ्याची वरात हाये, ताई. उभी राहिली म्हणजे झालं." लग्न त्याच रात्री लागलं, नवऱ्याच्या हनुवटीला पट्टी होती. मित्र अजून कुबड्यांवर आहे. मी हॉस्पिटलात प्लास्टर घालून घेत होते. डर्बी कुणी जिंकली हे मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. मीही त्याची माफी मागितलेली नाही. त्याने मागावी असं वाटतं, मग त्याचं वाक्य आठवतं. प्लास्टर निघाल्यावर आलेल्या पहिल्या मोठ्या रेसला मी गेले. नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही, असं स्वतःला बजावून गेले. वळणावर एक तांबूस घोडी मागे पडली होती. सरळ रस्त्याला लागल्यावर जॉकीने तिला बाहेर काढलं आणि चाबूक उचलला. डाव्या हाताला एकदम कळ आली. मी खाली बघितलं तर दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, मी उभी होते, आणि शेजारची मुलगी कानावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.