मशीनजवळ काच नको

मिलराइट म्हणजे काय, हे मला अजूनही दर लग्नात, दर बारशाला समजावून सांगावं लागतं. पिठाच्या गिरणीशी त्याचा संबंध नाही. कारखान्यात यंत्र आलं की ते पायावर बसवायचं, त्याचा शाफ्ट मोटारीच्या शाफ्टशी एका रेषेत आणायचा, बेअरिंग घालायचं, चालवून पाहायचं, आणि बिघडलं की खोलून पुन्हा जोडायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या आयटीआयमध्ये या ट्रेडला दोनच मुली होत्या. बोरगाव मेघेची मी, आणि आंजीची माझी मैत्रीण.

परीक्षेची तयारी मी आखली होती. आखल्याशिवाय मला काही करता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. सकाळी ड्रॉईंग, दुपारी वर्कशॉप, नंतर तिची एसटी लागेपर्यंत तोंडी प्रश्न. ड्रॉईंग माझं चांगलं, हात तिचा. मी कानस मारली की कडेला उतार यायचा. ती माझ्या तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि मधली फट पाहून म्हणायची, "बाई, यातून त आंजीची बस जाते."

"तुझ्या ड्रॉईंगमधून रेल्वे जाते."

"जाऊ दे. तिकीट तू काढजो."

ठरलं असं होतं की दोघींनी एकदमच पास व्हायचं आणि अप्रेंटिसशिप एकाच कारखान्यात मागायची. एकट्या मुलीला घ्यायला लोक का-कू करतात, दोघी असल्या तर घेतील, असं आमच्या सरांनीच सांगितलं होतं. त्याच सरांनी पहिल्या दिवशी दारातच थांबवून बजावलं होतं, अंगठी, धागा, ओढणी, बांगडी, यातलं काही अंगावर ठेवून आत यायचं नाही. फिरता शाफ्ट माणूस ओळखत नाही, म्हणाले. आम्ही आपापल्या दोन-दोन बांगड्या काढून एप्रनच्या खिशात टाकायचो. सवय झाली होती.

शेवटच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. सेलूचं घर, किराण्याचं दुकान. बैठकीत तिच्या वडिलांनी एकच अट घातली की पोरीला परीक्षा देऊ द्यायची. मुलाकडचे म्हणाले, देईल, आमची ना नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ते त्या शब्दाला शेवटपर्यंत जागले.

चुडा भरायच्या दिवशी मी आंजीला गेले होते. कासारीण तिचा हात तेल लावून दाबत होती, मूठ अगदी केळफुलासारखी करून एकेक हिरवी बांगडी वर सरकवत होती. बांगडी जितकी घट्ट तितका चुडा चांगला दिसतो. मी शेजारी बसून तोंडी प्रश्न घेत होते, कारण त्या आठवड्यात दुसरा वेळच नव्हता.

"बेअरिंग गरम का होतं? कारणं सांग."

"ग्रीस कमी, ग्रीस जास्त, शाफ्ट रेषेत नसनं... आई गं, हळू वो मावशी!"

"पट्टा फार ताणलेला असणं," मी जोडलं.

"अवं, नवरीले काय बेरिंग विचारून राह्यली?" तिची काकू ओरडली. "नवरदेवाचं नाव विचार!" बायका हसायला लागल्या. ती लाजली आणि तोच प्रश्न पुढे चालवावा तसं पटकन म्हणाली, "पट्टा ताणलेला." त्यावर आणखी हशा झाला.

मी कासारणीला विचारलं, "या निघतील ना नंतर?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. सव्वा महिना चुडा उतरवायचा नाही, काकूनं समजावलं. इतक्या घट्ट बांगड्या तशाही निघत नाहीत, वाढवाव्याच लागतात. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. नवीन नवरीच्या हातातली वाढणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावरचं. आमच्या घरी लग्न पांढऱ्या साडीत आणि त्रिशरणात होतं, तिथं असले नियम नसतात. सव्वा महिन्याची ही गोष्ट मी परीक्षेच्या नियमासारखी लक्षात ठेवली. परीक्षा त्यानंतरच येणार होती, म्हणून काळजी केली नाही.

तारखा लागल्या त्या आमच्या अंदाजाच्या आधीच्या. प्रॅक्टिकल सव्वा महिन्याच्या आत आलं, आणि तेही अगदी थोडक्यानं.

थिअरीचे पेपर तिनं दिले. नवरा रोज स्कूटरवर सेलूहून आणायचा आणि कडुनिंबाखाली बसून राहायचा. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती वर्कशॉपच्या दाराशी आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे होते. सरांनी कपाळाला हात लावला, मग स्वतःच सुती पट्ट्या आणून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळल्या. "हातकामापुरतं चालेल," म्हणाले. "पुढचं बाहेरचे परीक्षक ठरवतील."

कानसकाम तिनं केलं. गुण्या लावला तर उजेड दिसत नव्हता. परीक्षकांनी तो तुकडा दोनदा फिरवून पाहिला. पुढचा भाग चालत्या यंत्राचा होता. शाफ्ट जुळवायचा, मोटार सुरू करायची, बेअरिंगवर हात ठेवून ते गरम होतंय का सांगायचं. परीक्षकांनी तिच्या पट्ट्यांकडे बोट केलं.

"खाली काय आहे?"

तिनं सांगितलं.

"मशीनजवळ काच नको," ते म्हणाले. "फुटली तर हिच्याच नसा कापतील. काढून या, मी शेवटी नंबर घेतो."

त्यांचं बरोबर होतं. आज मी स्वतः लोकांना हेच सांगते, याच आवाजात. म्हणूनच त्या दिवसाचा राग काढायला मला कधी कोणी सापडलं नाही.

मी धावत बाहेर गेले. तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. "ताई, माह्याच जिवावर उठल्या काय तुम्ही?" मग त्याचं हसू गेलं. माणूस सरळ होता. म्हणाला, "मी मानत नाई वो असं काई. तिले म्हना, काढ म्हने. आईले मी पाहून घेतो."

आत येऊन तिला शब्दशः सांगितलं. तिनं खिडकीतून पाहिलं. तो स्कूटरजवळ उभा राहून, डोळ्यांवर हात धरून, आत काय चाललंय ते दिसतं का पाहत होता.

"तो त म्हनते," ती म्हणाली. "पन त्याले काई झालं, त मी लोकायले सांगू का, परीक्षा होती म्हून?"

"काही होत नसतं."

"मालूम आहे मले."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. आजूबाजूची मुलं आपापली कामं थांबवून पाहत होती. नंबर शेवटचा आला, परीक्षकांनी तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, आणि कागदावर रेघ ओढली.

मी पास झाले. एकटीला घेणारा एक कारखाना अखेर सरांनीच शोधून दिला. तिला पुढच्या वेळी फक्त प्रॅक्टिकल द्यायचं होतं. त्याचा फॉर्म घेऊन मी सेलूला गेले. दुकानामागच्या खोलीत तिनं चहा केला. हातात आता दोन-दोनच बांगड्या होत्या, सैल. तिनं एक सहज काढून दाखवली, परत घातली.

"आता त निघतात," म्हणाली.

"मग भर फॉर्म."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "देऊ दे वो परीक्षा, आमची ना नाई." त्याही खरंच बोलत होत्या.

तिनं कप बाजूला ठेवला. "तू नापास झाली असती त आली असती मी. संगं बसलो असतो दोघी." हसली. मला हसता आलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाली, "तेवढे पोट्टे पाहून राह्यले होते त्या दिवशी. मी हात मागं घेतले, ते समद्यायनं पाह्यलं. आता त्या दारात एकटीनं पाय नाई टाकवत मले."

"मी येते ना सोबत. सुट्टी टाकते."

"तू दाराबाहेर राहशीन. आत त मीच असन."

फॉर्म तिनं नीट घडी घालून मला परत दिला.

बस स्टँडपर्यंत ती सोडायला आली. रस्त्यात तिनं कारखान्याचं सगळं विचारलं. मोटारी केवढ्या आहेत, साहेब रागावतात का, कामाच्या पाळ्या कशा असतात. मी भराभर सांगत गेले, तिला बरं वाटावं म्हणून. बस लागली, मी पायरीवर चढले, तेव्हा तिनं खालून विचारलं, "बाया किती आहेत वो तिथं?"

"मीच."

तिनं बसच्या दाराचा दांडा धरला.

"मंग डबा कोनासोबत खाते तू?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हटलं, "खाते." तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.