मामांचा शब्द

नुरझात बिश्केकच्या ओश बाजारात पडदे विकते. जीभ तिखट, पण मनाने भित्री. आपल्यासारख्यांना कुठेच कुणी सरळ आत घेत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून जिबेकने, तिच्या मुलीने, शहरातल्या त्या मोठ्या खाजगी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली, तेव्हा निकालाची वाट बघणं तिला जमेना.

"सगळे कुणाचा तरी शब्द घेऊन येतात," ती नवऱ्याला म्हणाली. "आपण तेवढे वेडे."

तेवढ्यात तिच्या कानावर आलं की शाळेच्या संचालिका दमिराबाई एके काळी तोक्तोसुन मामांच्या कार्यालयात टायपिस्ट होत्या. तोक्तोसुन म्हणजे नुरझातच्या आईचे थोरले भाऊ. मंत्रालयात मोठ्या खुर्चीवर होते, तेव्हा त्यांच्या अंगणात गाड्या मावत नसत. खुर्ची गेली, मामी गेल्या, आणि येणंजाणं आटलं. नुरझातसुद्धा सणासुदीला फोन करून मोकळी व्हायची.

ती घोड्याच्या मांसाचे सॉसेज आणि मिठाईचा डबा घेऊन गेली. मामांनी दार उघडलं आणि क्षणभर बघतच राहिले.

"काय गं, वाट चुकलीस?"

"सहजच आले, मामा. आठवण आली."

ते एवढे खूष झाले की स्वतःच मुरंबा काढायला लागले. नुरझातने चहा ओतला, आपल्याकडे मानाने देतात तसा, अर्धाच पियाला. दुसऱ्या पियाल्यानंतर तिने शाळेचा विषय काढला.

मामा सॉसेजकडे बघून हसले. "तरीच म्हटलं, हा घोडा माझ्याकडे कसा आला!" पण लगेच म्हणाले, "जाऊ की. दमिरा माझ्या हाताखालची पोरगी."

शाळेत रखवालदाराने त्यांना दोनदा नाव विचारलं. मग व्हरांड्यात मुलांच्या बुटक्या बाकावर बसवलं. मामांचे गुडघे छातीशी आले होते. कोट इस्त्रीचा, टाय जुना, डोक्यावर दाबलेल्या लोकरीची, नमद्याची पांढरी टोपी. बराच वेळ गेला. नुरझातला त्यांच्याशेजारी बसवेना. ती भिंतीवरची चित्रं बघत फिरत राहिली.

आत दमिराबाई फोनवर होत्या. त्यांनी हातानेच खुर्ची दाखवली. मामा बसले नाहीत. फोन संपला तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"दमिरा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. माझ्या बहिणीची नात आहे. तेवढी सांभाळून घे, बाई."

आपल्याकडे पुरुष टोपी कुणापुढे काढत नाही. नुरझातने मान खाली घातली.

"मुलगी येईल, साहेब," दमिराबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मामा ताठ चालत बाहेर गेले. नुरझात मागोमाग निघाली, तर बाईंनी तिला थांबवलं.

"तुमची मुलगी वरच्या नंबरात पास झालीय. उद्या फोन येणारच होता. म्हाताऱ्याला कशाला आणलंत? या माणसासमोर मी कधी बसले नव्हते. आज ते उभे होते, आणि मला उठायचंसुद्धा सुचलं नाही."

नुरझात दार ओढून बाहेर आली. बाहेर मामा तिची वाट बघत होते. चेहरा उजळलेला. "बघितलंस? अजून चालतो आपला शब्द!"

तिने मान डोलावली.

मामांनी बोकड कापला, सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि भरल्या ताटांवर जाहीर केलं, "पोरीला त्या शाळेत मी घातलं!"

"मामा असावा तर असा," नुरझातची जाऊ म्हणाली. "आमची पोरं बसलीत सरकारी शाळेत घासत."

जिबेकने हातातला घास खाली ठेवला. घरी परतताना तिने विचारलं, "आई, मी पास नव्हते झाले?"

"झालीस की! स्वतःच्या हिमतीवर झालीस."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"आजोबांना वाईट वाटलं असतं, बाळा."

जिबेकचा विश्वास बसला नाही. शाळा सुरू झाली तशी ती रात्रंदिवस अभ्यास करी, मार्कांचा कागद आईसमोर ठेवी आणि न बोलता आत निघून जाई.

इकडे मामांच्या अंगणात पुन्हा माणसं येऊ लागली. त्या जावेनेही आपल्या मुलासाठी शब्द मागितला. मुलगा परीक्षेत नापास झाला होता. मामा टाय बांधून गेले. या वेळी रखवालदाराने फाटकातूनच सांगितलं, बाईंना वेळ नाही. मामा उन्हात उभे राहिले. मुलाचा बाप गाडीतून बघत होता.

नुरझातला हे जावेकडूनच कळलं. "नुसत्या बाता तुझ्या मामाच्या!" जाऊ म्हणाली. नुरझात दुकान तसंच उघडं टाकून मामांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मामा हळूच खुर्चीत बसले.

"म्हणजे टोपी मी फुकटच काढली," ते म्हणाले. "आणि पोरीचं यश माझ्या नावावर लावून घेतलं. तिचा विश्वास बसतो का, आपण पास झाल्याचा?"

"नाही, मामा."

त्यांनी फोन उचलला आणि त्या दिवशी जेवायला आलेल्या एकेकाला लावला. "तोक्तोसुन बोलतोय. जिबेक स्वतःच्या अकलेवर पास झाली. माझा काही संबंध नाही. हो, तेव्हा मी खोटं बोललो." प्रत्येकाला तेच. चूक नुरझातची आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत. शेवटचा फोन जिबेकला होता.

नुरझात समोर बसून ऐकत होती. फोनवर कुणीतरी मोठ्याने हसलं, ते तिलाही ऐकू आलं. आपण फोन मागून घ्यावा, असं तिला वाटलं. पण हात पुढे झाला नाही.

जिबेक आता दर रविवारी मामाआजोबांकडे बुद्धिबळ खेळायला जाते. नुरझात तिला फाटकापर्यंत सोडते. मामा आतून हाक मारतात, "ये की गं, चहा तयार आहे." ती म्हणते, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय.