सकाळी लाल, संध्याकाळी हिरवं

ज्या ऑफिसात तीनच माणसं असतात, तिथे किस्से फार साचतात. मोठ्या ऑफिसात ते वाटले जात असतील. इथे सगळे याच तिघांच्या अंगावर पडतात आणि कोपऱ्यात बसून ते बघायला मी असते.

ऑफिस शिरूर कासारमध्ये, घरमालक अप्पांच्या बी-बियाण्यांच्या दुकानावर आहे. पुण्यातली नोकरी सोडून आलेला माझा आतेभाऊ सचिनदादा त्याचा मालक. रुखसानाताई अ‍ॅपच्या स्क्रीन आणि चित्रं करते. वैभव कोड लिहितो. तो तलवाड्याचा, आणि स्वतःची चूक सापडली तरी आधी कॉम्प्युटरलाच शिव्या देतो. त्यांच्या अ‍ॅपचं नाव 'सांगावा'. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी फोटो दाबायचा, बोलायचं, की आवाज त्या माणसाला पोचतो. नेटवर्क कमी असलं तरी चालतं. ऊसतोडीला गेलेल्या बायका ते जास्त वापरतात.

माझे आईबाबाही तोडीला जातात. तेव्हा मी आत्याकडे राहते आणि शाळा सुटली की इथे येऊन बसते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझी कुणाला अडचण होत नाही.

*

पूर्वी अ‍ॅपमध्ये काही बदल केला की दादा तो हातानेच क्लाऊडवर चढवायचा. कमांड पाठ होत्या. एकामागून एक टाइप करताना तो ओठ हलवायचा आणि कुणी मध्ये शिंकलं तरी रागवायचा.

एकदा अर्धा बदल चढला होता आणि लाईट गेली. इन्व्हर्टरही लागेना. दादा गॅलरीतून ओरडला, "अप्पा, मेन स्विच चालू करा!"

खालून अप्पा म्हणाले, "दुकान बंद म्हंजे बंद! शार्ट सर्किट झालं तर तू भरनार का?" कुलूप लावून ते मठात भजनाला गेले.

त्या अर्धवट बदलात लोकांच्या फोटोंची अदलाबदल झाली. एका बाईने बहिणीचा फोटो दाबून सासूबद्दल मनातलं सगळं सांगून टाकलं. ते सासूनेच ऐकलं!

सकाळी त्या सुनेचा ऑफिसला फोन आला. दादा म्हणाला, "ताई, माफ करा, आम्ही अ‍ॅप लगेच नीट करतो."

"अ‍ॅप राहू द्या," ती म्हणाली, "आता तुमीच येऊन माझं घर नीट करा!"

*

बदल चढला की तो खरंच चालतोय का, हे बघायचं काम माझं होतं. जुन्या फोनवर आईचा फोटो दाबायचा, काहीतरी बोलायचं, आणि आवाज गेला की दादाला "चाललं" म्हणायचं. त्या ऑफिसातला माझा तो एकच शब्द.

पहिल्यांदा मी म्हणाले, "आई, ऐकू येतंय का?"

संध्याकाळी आईचं उत्तर आलं. "येतंय की. पर तू काय बोललीसच न्हाई!"

मग मी थोडं थोडं बोलायला लागले. आत्याच्या शेळीला दोन पिल्लं झाली. गणिताच्या बाई बदलल्या. एरवी बाबांच्या फोनवर बोलायचं तर तोडीवाल्यांची सगळी टोळी त्यांच्या शेजारी बसलेली असते, तिथे मला "हं"च्या पुढे काही सुचत नाही. पण हे ऑफिसचं काम होतं. कामासाठी बोलायला लाज वाटत नाही.

*

सासूच्या प्रकरणानंतर दादाने ठरवलं, आता हाताने काही चढवायचं नाही. त्याने एका जुन्या कॉम्प्युटरवर सीआय सर्व्हर बसवला. वैभवने नवा कोड टाकला की सर्व्हर आपणहून अ‍ॅप तयार करणार, तपासणार आणि क्लाऊडवर चढवणार. शेवटी एक आवाज खरोखरच पाठवून बघणार. तो अर्ध्या तासात कुणी ऐकला तर स्क्रीनवर हिरवं. नाही ऐकला तर लाल, आणि जुनं अ‍ॅप आपोआप परत!

मुहूर्तावर रुखसानाताईने पेढे आणले. वैभव झेंडूचा हार घेऊन आला. ती म्हणाली, "हार नको, पंख्यात जाईल." मग अप्पा वर आले. त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे असतात, तसेच तीन त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर ओढले आणि म्हणाले, "आता ह्यो बंद पडला तर दोष माझा न्हाई, वैभवचा."

सर्व्हरच्या नावाने 'सांगावा'वर एक खातं उघडलं. खात्याला फोटो लागतो, म्हणून माझाच लावला. आवाजही माझाच घेतला. मी म्हणाले, "आई, मी बोलतेय. जेवलीस का?"

"छान," दादा म्हणाला. "आता तुला रोज चेक करत बसायला नको. तुझी सुटका!"

त्याला वाटलं मला आनंद होईल. मी हसले.

*

त्यानंतरही मी रोज जायचे. कोपऱ्यात गृहपाठ करायचे. जुना फोन ड्रॉवरमध्ये होता, कुणी हात लावू नको म्हटलं नव्हतं. पण काही काम नसताना आईचा फोटो दाबून बोलायचं काय? दोनदा दाबला आणि काही न बोलता सोडून दिला.

आईचेही आवाज यायचे बंद झाले. मला वाटलं दमत असेल. मग वाटलं, तीही माझ्यासारखीच कामापुरतं बोलत असेल.

*

सर्व्हरचं एक विचित्र होतं. सकाळी कोड टाकला की लाल. तोच कोड संध्याकाळी टाकला की हिरवा!

वैभवने जिन्यात एक लाल बल्ब लावला होता. काही बिघडलं की तो पेटायचा. खाली खत घ्यायला आलेले लोक अप्पांना विचारायचे, "वर कुनाचं आपरेशन चाललंय का?"

अप्पा म्हणायचे, "रोजचंच हाय. सकाळी पेशंट जातोय, सांजच्याला आपोआप उठून बसतोय!"

दादाने नेटवर्क बदललं. रुखसानाताईने वैभवच्या कोडवर संशय घेतला. वैभव डब्याला म्हणाला, "कावून बे? सकाळी तुला काय व्हतंय?" शेवटी तिघांनी शोधायचं सोडलं आणि सगळे बदल दिवेलागणीला टाकायला लागले.

*

मग एक दिवस असा आला की सकाळपासून सगळंच हिरवं. मला शाळेला सुट्टी होती, मी तिथेच होते. वैभवला एवढा जोर चढला की महिन्याचे बदल त्याने त्याच दिवशी टाकले. एकदाही लाल नाही!

दुपारी दादाचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. आई होती.

"सचिन, पोरगी बरी हाय ना रे?"

"बरी आहे मामी. ही काय, इथेच बसलीये. का हो?"

"कारखाना बंद हाय, टोळीला सुट्टी. एरवी फडातनं सांजच्याला आल्यावरच बघायला घावतो, आज फोन हातातच हाय. तर सकाळपास्नं सारखी 'जेवलीस का, जेवलीस का' इचारतीय. मला वाटलं, हिलाच कुनी जेवाया देत न्हाई का काय?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी काहीच पाठवलं नव्हतं.

वैभव त्याच्या स्क्रीनवर वाकला आणि हळूच म्हणाला, "दादा... आवाज कुणाला पाठवायचा, तिथं मी जुन्या फोनमधला हिच्या आईचाच नंबर टाकलाय. बदलायचा ऱ्हायला."

दादाने कपाळावर हात मारून घेतला. "मामी, ती बोलत नव्हती. मशीन होतं. तिचा एकदा घेतलेला आवाज ते पुन्हा पुन्हा पाठवत होतं."

पलीकडून वारा ऐकू आला, आणि कुणाचं तरी लहान मूल.

"रोजच?"

"हो मामी."

"म्हनूनच," आई म्हणाली. "मी रोज सांजच्याला तिचा फोटू दाबून येवढं सांगायची, अन् ही दुसऱ्या दिशी पुन्ना आपली जेवलीस का. मग मी सांगितलेलं त्ये कुनी ऐकलं?"

"बघतो मामी," दादा म्हणाला. फोन ठेवल्यावर रुखसानाताईने सर्व्हरचं खातं उघडलं. ते आजवर कुणीच उघडलं नव्हतं. आईचे आवाज एकाखाली एक, स्क्रीन सरकवली तरी संपत नव्हते.

तिने खुर्ची सोडली, मला तिथे बसवलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

"चला, चहा पिऊन येऊ," दादा म्हणाला. वैभवने जाताना पंखा बंद केला.

तिघंही जिना उतरून गेले. अप्पांनी नुकताच वर पाठवलेला चहा टेबलावर वाफाळत होता.